अगत्ती ते पोर्ट ब्लेअर: आकाशात सव्वातीन तास, तिकिटावर दोन दिवस

प्रश्न आपल्या इंदूरहूनच आलाय, आणि तो असा: मुलाला लक्षद्वीपची प्रवाळं बघायची आहेत, वडिलांना अंदमानातलं सेल्युलर जेल. वडील सत्तरीच्या पुढे. हाताशी सात दिवस. एका संकेतस्थळावर अगत्ती (लक्षद्वीप) ते पोर्ट ब्लेअर (अंदमान) २,२४५ किलोमीटर आणि विमानाने ३ तास १८ मिनिटं असं दिसलं. पण तिकीट शोधायला बसलं की कुठे चौदा तास, कुठे सव्वीस तास, आणि बऱ्याच तारखांना काहीच नाही. यातलं खरं कोणतं, आणि दोन्ही बेटं एका सहलीत बसतील का?

मी निवृत्त होईपर्यंत विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचचं काम केलं. विमान उडण्याआधी त्याचा मार्ग, इंधन, वजन, वाटेतलं हवामान आणि उतरायचं ठिकाण ऐनवेळी बंद पडलं तर जायचं कुठे, हे सगळं कागदावर बसवायचं, ही आमची जबाबदारी. त्यामुळे हा प्रश्न मला फार जवळचा आहे. उत्तर लांबेल, पण तुम्ही वडिलांना घेऊन निघणार आहात, तेव्हा नुसता आकडा सांगून भागणार नाही.

संकेतस्थळ खोटं बोलत नाही. दोन बिंदूंमधलं अंतर मोजून त्याला एका ठरावीक वेगाने भागायचं, एवढंच काम ते करतं. तुम्हाला मात्र जाणून घ्यायचंय की या दोन धावपट्ट्यांमध्ये कोणतं विमान, दिवसाच्या कोणत्या वेळी आणि किती इंधन घेऊन जाऊ शकतं. अंतर हा त्यातला सगळ्यात सोपा भाग, म्हणून तो आधी उरकते.

अगत्तीचा विमानतळ साधारण १०.८ अंश उत्तर अक्षांश आणि ७२.२ अंश पूर्व रेखांशावर आहे. पोर्ट ब्लेअरचा वीर सावरकर विमानतळ ११.६ उत्तर आणि ९२.७ पूर्व. (शहराचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालंय. तिकीट शोधताना दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका.) अक्षांशात एका अंशाचाही फरक नाही, म्हणजे एक बेट दुसऱ्याच्या जवळजवळ सरळ पूर्वेला. रेखांशातला फरक २०.५५ अंशांचा. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर १११.३ किलोमीटरचा असतो आणि उत्तरेकडे सरकावं तसा आखडत जातो. या दोन बेटांच्या पट्ट्यात तो १०९.२ किलोमीटर भरतो. गुणाकार करा, २,२४४ येतील. अक्षांशातल्या थोड्या फरकाचा एखाद-दुसरा किलोमीटर त्यात मिळवा. एका ठिकाणी २,२४३ दिसले आणि दुसऱ्या ठिकाणी २,२४७, तर दोन्ही बरोबर समजा; एकाने पृथ्वी पूर्ण गोल धरलेली असते, दुसऱ्याने ध्रुवांपाशी किंचित चपटी. आमच्या कागदावर हेच अंतर १,२१० नॉटिकल मैलांच्या आसपास लिहिलं जाईल.

विमानाची वाट नकाशावर कमानीसारखी वाकडी दिसते, त्यामुळे अंतर बदलत नाही का, असंही तुम्ही विचारलंय. दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाताना त्या कमानीने हजारो किलोमीटर वाचतात. इथे नाही. विषुववृत्ताच्या इतक्या जवळ, सरळ पूर्वेकडे जाताना नकाशावरची सरळ रेषा आणि पृथ्वीवरचा सर्वांत जवळचा मार्ग यांत अर्धा किलोमीटरच फरक पडतो.

ही रेषा जाते कुठून, ते मात्र बघण्यासारखं आहे. अगत्तीहून निघालं की सुमारे ४०० किलोमीटर अरबी समुद्र, मग कोळिकोडच्या दक्षिणेला केरळचा किनारा, पुढे कोइंबतूरच्या जवळून तमिळनाडू ओलांडत चिदंबरमच्या दक्षिणेला पुन्हा किनारा. जमिनीवरचा हा टप्पा सव्वाचारशे किलोमीटरचा. त्यानंतर मात्र १,४०० किलोमीटर नुसता बंगालचा उपसागर. दोन बेटांमधल्या प्रवासाची रेषा भारताच्या दक्षिण टोकाला मधोमध छेदून जाते, आणि म्हणूनच वाटेत उतरावं लागलं तरी तुमचं अंतराच्या दृष्टीने फारसं बिघडत नाही. यावर पुढे येतेच.

आता वेळ. अशी संकेतस्थळं ताशी ८०० किलोमीटरच्या आसपासचा वेग धरतात आणि टेकऑफ-लँडिंगसाठी वर अर्धा तास घालतात. २,२४५ भागिले ८०० म्हणजे २ तास ४८ मिनिटं, अधिक अर्धा तास, झाले ३ तास १८ मिनिटं. तुमचा आकडा असा आलाय. एअरबस ए-३२० सारखं जेट प्रत्यक्षात ताशी ८३० च्या जवळपास जातं. टॅक्सी, चढाई, उतरण आणि हवाई मार्गांची थोडी वळणं धरली तर मीही कागदावर सव्वातीन तासच लिहिले असते. वेळापत्रकात जो वेळ छापतात त्याला आम्ही ब्लॉक टाइम म्हणतो: विमान जागेवरून हललं तिथपासून दुसऱ्या टोकाला जागेवर उभं राहिलं तिथपर्यंत.

गणित बरोबर आहे, पण ज्या विमानाचं ते गणित आहे ते अगत्तीला उतरू शकत नाही.

अगत्तीची धावपट्टी सुमारे १,२०० मीटर लांब आहे. आपल्या देवी अहिल्याबाई होळकर विमानतळाची २,७५० च्या आसपास, पोर्ट ब्लेअरची जवळजवळ ३,३०० मीटर. पूर्ण भरलेल्या ए-३२० ला समुद्रसपाटीवर, बेताच्या तापमानात उडायला सुमारे २,००० मीटर लागतात. अगत्ती हे बेटच मुळी सात-साडेसात किलोमीटर लांब आणि अतिशय चिंचोळं. धावपट्टी त्याच्या एका टोकावर, आणि तिच्या दोन्ही बाजूंना लगेच लगून (प्रवाळांनी अडवलेलं उथळ पाणी) आणि समुद्र. ती लांबवण्याचा विषय बरीच वर्षं चालू आहे, पण लांबवायची म्हणजे प्रवाळावर भराव घालायचा. जी प्रवाळं बघायला तुमचा मुलगा निघालाय तीच ती, हे इथे आवर्जून सांगावंसं वाटतं.

तिथे उतरतं ते एटीआर, पंख्यांचं लहान विमान. त्यातल्या एटीआर-७२ ला सुद्धा पूर्ण वजनासह उडायला सुमारे १,३०० मीटर लागतात, म्हणजे अगत्तीहून निघताना वजन कमी करावं लागतं. काही खुर्च्या रिकाम्या ठेवायच्या, किंवा सामान कमी, किंवा इंधन कमी. पाऊस पडून धावपट्टी ओली असेल, वारा उलटा असेल, उकाडा जास्त असेल तर आणखी कमी. उष्ण हवा विरळ असते, पंखांना त्यात जोर कमी मिळतो आणि इंजिनालाही. इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच, आणि मे महिन्यातली इथली दुपार तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याकडे हा हिशेब त्या दिवसांत रोज करावा लागतो. पण आपल्याकडे हाताशी दुप्पट लांबी आहे.

बरं, एटीआरच थेट पोर्ट ब्लेअरला न्यावं म्हटलं तर? प्रवाशांनी भरलेलं एटीआर-७२ साधारण १,४०० ते १,५०० किलोमीटर जाऊ शकतं. त्याचा वेग ताशी ५०० च्या थोडा वर. इंधन पुरलं असतं असं धरलं तरी साडेचार तासांहून जास्त लागले असते; पण ते पुरत नाही. वाटेत उतरणं भाग आहे.

जगात असं विमान नाहीच असं नाही. थोडे प्रवासी घेऊन आखूड धावपट्टीवरून उडणारं आणि २,५०० किलोमीटर सहज जाणारं खासगी विमान मिळतं. पण नियमित सेवा चालायला दोन्हीकडून रोज माणसं लागतात. अगत्तीची वस्ती साडेसात हजारांच्या आसपास. तिथल्या माणसाचं काम कोचीला असतं, कवरत्तीला असतं, कोळिकोडला असतं. पोर्ट ब्लेअरला त्याचं काय काम? थेट जाण्याची गरज तुमच्यासारख्या पर्यटकालाच पडते, आणि तीही आयुष्यात एकदा.

आता इंधनाकडे येते, कारण बेटांच्या उड्डाणांत सगळ्यात जास्त विचार याचाच होतो आणि प्रवाशाला तो कधी दिसत नाही. इंदूरहून महूला जाताना गाडीत पेट्रोल कमी असलं तरी आपण निर्धास्त असतो, राऊला पंप आहे. बेटाकडे जाताना वाटेत राऊ नसतं. मुंबईला पाऊस कोसळला तर विमान अहमदाबादला, गोव्याला, आपल्या इंदूरलाही वळवता येतं. पोर्ट ब्लेअरवर ढग खाली आले तर चेन्नई १,३७० किलोमीटर मागे, कोलकाताही जवळजवळ तितकंच दूर. म्हणून तिथे जाणारं विमान घिरट्या घालून शेवटी मुख्य भूमीवर परत येता येईल एवढं इंधन घेऊन निघतं. चेन्नईहून निघालेलं विमान पोर्ट ब्लेअरच्या डोक्यावर जाऊन पुन्हा चेन्नईलाच उतरलं, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. प्रवासी चिडतात, आणि चार-पाच तास बसून निघालो तिथेच पोचल्यावर कोणीही चिडेल. माझ्या दृष्टीने मात्र त्या दिवशीचं नियोजन अगदी नीट पार पडलेलं असतं: परत यायचं इंधन टाकीत होतं, आणि ते त्यासाठीच घेतलेलं होतं.

जिथे पर्यायी विमानतळ आवाक्यातच नाही अशा ठिकाणांसाठी आंतरराष्ट्रीय नियम वेगळा आहे. तिथे जेटने पोचल्यावर आणखी दोन तास उडता येईल एवढं इंधन राखून जायचं. ए-३२० तासाला अडीच टनांच्या आसपास इंधन पितं, म्हणजे पाच टन केवळ राखीव. सामानासकट माणशी शंभर किलो धरले तर हे पन्नास प्रवाशांचं वजन. शिवाय ते वजन वाहून न्यायलाही इंधन जळतं, जादा इंधनाच्या तीन-चार टक्के, दर तासाला. मोठ्या धावपट्टीवर हे झेपतं. अगत्तीला जाणाऱ्या एटीआरचं तसं नाही. तेही मुख्य भूमीवर परतण्याइतकं इंधन घेऊन जातं, त्या इंधनाचं वजन घेऊनच आखूड धावपट्टीवर उतरतं, आणि निघताना पुन्हा वजनाचाच प्रश्न. अगत्तीच्या विमानात इतक्या कमी जागा का मिळतात आणि सामानावर इतकी नजर का असते, याचं कारण एवढ्यात आलं.

दोन इंजिनांच्या विमानाला आणखी एक बंधन असतं. एक इंजिन बंद पडलं तर उरलेल्या एकावर एका तासात कुठल्यातरी विमानतळावर पोचता आलं पाहिजे; त्यापलीकडे जायचं तर खास मंजुरी लागते. चेन्नई ते पोर्ट ब्लेअरचा मध्य दोन्हीकडून ६८५ किलोमीटरवर येतो. जेट एका इंजिनावर साधारण तेवढं तासाभरात गाठतं. एटीआर त्या वेळात ४०० च्या आसपासच जाईल. तेव्हा बंगालचा उपसागर एटीआरने ओलांडायचा विचार इंधन पुरवलं तरी इथे अडकतो.

आता सूर्य. पर्यटनाची जाहिरात करणारे हे कधी सांगत नाहीत, आणि तुमच्या सहलीवर याचा परिणाम सगळ्यात जास्त होणार आहे. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं. अगत्ती त्याच्या पश्चिमेला १०.३ अंश, पोर्ट ब्लेअर पूर्वेला १०.२ अंश. दोन बेटांच्या जवळजवळ बरोबर मध्यावर भारतीय प्रमाणवेळेची रेषा येते. एका अंशाला सूर्याची चार मिनिटं, म्हणून अगत्तीचा सूर्य घड्याळाच्या ४१ मिनिटं मागे आणि पोर्ट ब्लेअरचा ४१ मिनिटं पुढे. घड्याळात दोन्हीकडे तीच वेळ, पण उजेडात ८२ मिनिटांचा फरक. डिसेंबरच्या अखेरीस पोर्ट ब्लेअरला पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याच दिवशी अगत्तीला सव्वासहा उलटून गेल्यावर.

अगत्तीची विमानं दिवसाउजेडीच ये-जा करतात. पोर्ट ब्लेअरची धावपट्टी नौदलाच्या आयएनएस उत्क्रोश तळाची, आणि तिथेही प्रवासी विमानांची वर्दळ बहुतेक करून पहाटेपासून दुपारपर्यंतच राहत आली आहे. रात्रीच्या उड्डाणांची सोय वाढेल तसं हे बदलेल, पण बेत आखताना मी अजूनही दुपार हीच मर्यादा धरेन. आता तुम्ही अगत्तीहून पूर्वेकडे निघालात की घड्याळाबरोबर उजेडही हातातून निसटतो. अगत्तीचं विमान बेंगळुरूला टेकेपर्यंत पोर्ट ब्लेअरची त्या दिवसाची शेवटची विमानं बहुधा गेलेली असतात. तुम्हाला दिसलेले सव्वीस तास यातून येतात. त्यातले बरेचसे तास बेंगळुरूच्या किंवा चेन्नईच्या विमानतळावर रात्र काढण्याचे.

वाऱ्याचं थोडक्यात सांगते. हिवाळ्यात उत्तर भारतावर पश्चिमेकडून जोराचा वारा उंचावर वाहतो, तो इतक्या दक्षिणेला फारसा येत नाही. पावसाळ्यात मात्र उलटं. दक्षिण भारतावर खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेकडे वाऱ्याचा झोत वाहतो. आपले हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्यावर लिहिलं आणि जगाच्या लक्षात आलं. त्याचा गाभा विमानांच्याही वर असतो, पण जेटच्या उंचीवर त्याचा परिणाम जाणवतो. अंदमानकडे जाताना ताशी ७५ किलोमीटरचा वारा समोरून धरला तर आपल्या काल्पनिक थेट उड्डाणाला १६ मिनिटं जास्त लागतील, आणि तोच वारा परतताना पाठीशी आला तर १३ मिनिटं वाचतील. जाताना जेवढं गेलं तेवढं येताना भरून येत नाही, कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ राहता. गंमत अशी की त्याच दिवसांत खाली, समुद्राजवळ, वारा पश्चिमेकडून असतो. म्हणून वाऱ्याने इतकी मिनिटं कमी-जास्त होतील, असं कोणी उंची आणि महिना न विचारता सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

लांबच्या बेटांवर वारा याहून मोठा अडथळा ठरू शकतो. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर २०१६ मध्ये विमानतळ तयार झाला. अंतरं ठाऊक होती, धावपट्टी बांधून झाली होती. पण धावपट्टीच्या एका टोकाला वारा अचानक दिशा आणि जोर बदलतो असं आढळलं, आणि नियमित प्रवासी विमानसेवा ऑक्टोबर २०१७ पर्यंत रखडली. शेवटी जोहान्सबर्गहून लहान एम्ब्रायर विमानाने ती सुरू झाली.

आता तुमच्या खऱ्या प्रवासाचं. लक्षद्वीपला जायची जुनी वाट कोचीवरून. मार्च २०२४ अखेर इंडिगोने बेंगळुरू ते अगत्ती एटीआर सुरू केलं, आणि इंदूरकरांसाठी ते जास्त सोयीचं. इंदूर ते बेंगळुरू सुमारे १,०७५ किलोमीटर. बेंगळुरू ते अगत्ती साधारण ६६०, ब्लॉक टाइम पावणेदोन ते दोन तास. बेंगळुरू ते पोर्ट ब्लेअर १,६४० च्या आसपास, जेटने अडीच तास किंवा थोडे जास्त.

शेवटच्या दोन अंतरांची बेरीज करून बघा: २,३००. सरळ रेषेत २,२४५. बेंगळुरूला उतरल्याने तुम्ही जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर जास्त जाता. कोची आणि चेन्नई दोन्हीकडे उतरलात तरी ४७०, ५१५ आणि १,३७० मिळून २,३५५ भरतात. सरळ अंतराच्या पाच टक्केच जास्त. आणि हवेतला वेळ? साडेचार तासांच्या आसपास, म्हणजे संकेतस्थळाच्या काल्पनिक उड्डाणापेक्षा तासभर जास्त. बाकीचा सगळा वेळ वाट बघण्यात जातो. तिकिटं शोधताना "सर्वांत कमी अंतर" शोधत बसू नका. मधला थांबा कुठे आणि कसा असेल तेवढं नीट ठरवा, कारण तुमच्या हातात तेवढंच आहे.

मग मी काय करेन? सात दिवसांत दोन्ही बेटं करणार नाही. वडिलांना घेऊन तर नाहीच. रजा वाढवून नऊ दिवस होत असतील तर जमेल. पहिल्या दिवशी इंदूरहून बेंगळुरू गाठून मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी अगत्ती, तिथे दोन रात्री. चौथ्या दिवशी बेंगळुरूला परत आणि तिथेच मुक्काम. हा मुक्काम ठरवून करायचा, विमान चुकलं म्हणून नाही. पाचव्या दिवशी सकाळच्या विमानाने पोर्ट ब्लेअर, तीन रात्री, आठव्या दिवशी परतीचा प्रवास. नववा दिवस मोकळा राहू द्या. तो कुठेतरी खर्च होईल, आणि नाही झाला तर घरी आराम.

लक्षद्वीप आधी आणि अंदमान नंतर, असा क्रम मी मुद्दाम धरलाय. उजेडाचा हिशेब बघितला तर उलटा क्रम सोयीचा: पोर्ट ब्लेअरहून सकाळी निघून पश्चिमेकडे येताना दिवस लांबत जातो आणि त्याच दिवशी पुढचं विमान मिळायची शक्यता वाढते. पण अगत्तीचं विमान रद्द झालं तर दुसरं त्या दिवशी मिळेलच असं नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या लहान विमानात जागा असतील याची खात्री नाही. पोर्ट ब्लेअरहून मुख्य भूमीकडे दिवसाला बरीच मोठी विमानं निघतात. जो टप्पा तुटायची भीती जास्त तो सहलीच्या सुरुवातीला ठेवला, म्हणजे तुटला तरी पुढे सावरायला दिवस उरतात. परतीचा टप्पा भक्कम हवा, कारण त्यानंतर मुलाची शाळा आणि तुमची नोकरी उभी असते. तुमचे आणि मुलाचे दिवस लवचीक असतील तर उलटा क्रमही चालेल. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून मी सावध बाजू धरते.

तिकिटं शक्यतो एकाच कंपनीची आणि एकाच पीएनआरवर काढा. वेगवेगळी काढली आणि पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला तुमची अडचण बघायचं बंधन नसतं. मधे रात्रीचा मुक्काम असेल तर हा धोका बराच कमी होतो, अगत्तीच्या बाबतीत तर मी मुक्कामाशिवाय बेतच आखणार नाही. सामानाची मर्यादा तिकिटावर नीट वाचून घ्या आणि त्यातही दोन-तीन किलो कमीच भरा. वडिलांची औषधं हातातल्या पिशवीत, चार-पाच दिवस पुरतील एवढी जास्तीची घेऊन. सामान मागे राहिलं तर ते मागून येतं, पण ते दुसऱ्या दिवशी येतं.

महिना कोणता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. मे अखेर ते सप्टेंबर लक्षद्वीपच्या बाजूला पावसाळी वारे, समुद्र खवळलेला. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दिवस. दोन्ही बाजू एकदम शांत असण्याची शक्यता फेब्रुवारी आणि मार्चमध्ये सगळ्यात चांगली. दिवसही तोवर थोडे मोठे झालेले असतात. शाळेच्या परीक्षा तेव्हाच येतात, हे मान्य; मग जानेवारीचा उत्तरार्ध बघा.

लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रशासनाचा प्रवेश परवाना लागतो. तो हातात आल्याशिवाय परत न मिळणारी तिकिटं काढू नका. पोर्ट ब्लेअरसाठी भारतीयांना असा परवाना लागत नाही. आदिवासींच्या राखीव भागात जायला मात्र मनाई आहे, आणि ती पाळा.

राहता राहिले वडील. अगत्तीला उतरल्यावर आसपासच्या बेटांवर जायचं तर बोटीतून चढउतार करावी लागते, गुडघे किती साथ देतात ते आधी बघा. वैद्यकीय सोयीही तिथे मर्यादित. दुखणं गंभीर झालं तर हेलिकॉप्टरने हलवावं लागतं आणि तेही हवामान असेल तरच. त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. डॉक्टरांनी लक्षद्वीपला नको म्हटलं तर बेत मोडू नका, वाटून घ्या: तुम्ही आणि मुलगा आधी अगत्तीला जा, वडिलांना घरच्या कोणाबरोबर चौथ्या दिवशी इंदूरहून थेट बेंगळुरूला बोलावून घ्या. तिथून पुढे सगळे मिळून पाचव्या दिवशीचं पोर्ट ब्लेअरचं विमान धरा. तुम्हाला बेंगळुरूचा मुक्काम तसाही करायचाच आहे. इंदूरहून येणारं विमान त्यांच्यासाठी सकाळचं बघा, दुपारी विश्रांती होईल. महिना आणि डॉक्टरांचं मत कळवलंत तर त्या वेळचं वेळापत्रक बघून थांब्यांच्या वेळा मी बसवून देईन.